नववधूचा साज

प्रायश्चित्तकाळात विवाह टाळण्याची परंपरा असल्याने शिरूर-दौंड परिसरात पुनरुत्थान सणानंतरचे विवाह ऐन उन्हाळ्यात येतात. वधूचा साज ठरविताना हे आधी ध्यानी घ्यावे.

पांढरा पोशाख हा धर्मनियम नव्हे. १८४० साली राणी व्हिक्टोरियाने तो विवाहात परिधान केल्यावर त्याची चाल पसरली. नायलॉनच्या गाऊनपेक्षा सुती वा रेशमी साडी सुसह्य ठरते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये चांगल्या स्थानिक विवाहरीती जपण्यास सांगितले, तेव्हा हिरवा चुडा व मंगळसूत्र यांचा संकोच नको.

मेंदी दोन दिवस आधी काढावी. तिचा रंग हळूहळू गडद होतो. तासाभरात रंगणारी ‘काळी मेंदी’ मात्र कटाक्षाने टाळावी. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन असते. त्याने हातावर फोड येतात, कधी व्रण राहतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे साधा कलपही सोसत नाही. ब्यूटी पार्लरमध्ये कोनात काय आहे, हे निःसंकोच विचारावे.

उष्णतेने बोटे किंचित सुजतात, म्हणून अंगठीचे माप दुपारी द्यावे. कर्ज काढून सोने घेण्यापेक्षा आईचे दागिने सोनाराकडून उजळून घेतलेले बरे.