तळाचा संघ

आपल्या बॅचमध्ये क्रिकेटवेडे पुष्कळ होते, फुटबॉलवाले मोजून दहा-अकरा. म्हणजे जेमतेम एक संघ. त्यामुळे हा लेख थोड्यांनाच आवडेल. पण विषय हरण्याचा आहे, आणि त्यात आपला अनुभव दांडगा.

मुंबई एफसी हा क्लब २००७ साली निघाला. पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ. पुढे २००९ मध्ये संघाची सूत्रे खालिद जमील यांच्याकडे आली. सात वर्षे त्यांनी हा संघ आय-लीगमध्ये टिकवला. विजेतेपद एकदाही नाही, पण खालच्या श्रेणीत घसरणही नाही. पैसा इतरांपेक्षा कमी, खेळ बचावाचा, कूपरेजवर प्रेक्षक बेताचे. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. काहीतरी नवे हवे होते, असे समजू.

जमील गेले ऐजॉलला. ऐजॉल एफसीची अवस्था तेव्हा आणखी वाईट होती. २०१५-१६ च्या मोसमात नऊ संघांत आठवा क्रमांक. तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. पण नव्याने थेट प्रवेश मिळालेल्या संघाला घसरणीतून सूट होती, म्हणून शिक्षा आठव्याला! मिझोराममध्ये यावर संताप उसळला. नंतर गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला परत घेतले गेले.

मग आला २०१६-१७ चा मोसम. दहा संघ, प्रत्येकी १८ सामने. जमील यांच्यासोबत जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत खेळलेले गडीही ऐजॉलकडे होते. २२ एप्रिल २०१७ ला त्यांनी घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवले. गोल झोमिंगलियाना राल्तेचा. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये आधी गोल खाल्ला, मग १-१ अशी बरोबरी साधली, आणि ३७ गुणांवर विजेतेपद नक्की झाले. मोहन बागान ३६ वर राहिला.

त्याच तक्त्यात दहाव्या जागी होता मुंबई एफसी. संतोष कश्यप यांच्या जागी मोसम चालू असतानाच स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले, तरी घसरण थांबली नाही. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. दुसऱ्या श्रेणीत खेळून परत वर यायचा रस्ता खुला होता. क्लबने तो धरलाच नाही, संघच गुंडाळला. डीएसके शिवाजियन्सही पुढच्या मोसमात दिसला नाही. याउलट मुंबई सिटी. २०१४ मध्ये आयएसएलच्या पहिल्या मोसमात आठांत सातवा. पण त्या स्पर्धेत घसरण नव्हतीच. संघ राहिला आणि २०२०-२१ मध्ये शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकला. एका मोसमाच्या हारीने मुंबई एफसी मेला, हे मला पटत नाही. हरल्यावर त्याला उभे ठेवणारे कोणी उरले नाही, म्हणून मेला. ऐजॉलच्या मागे अख्खे गाव होते.

आपल्या संघाचे आठवा. वाळूजच्या त्या मुरमाच्या मैदानावर निम्मे बूट उसने, गोलपोस्ट म्हणजे दोन बांबू. वडील मंडळी एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे बघायला कोण येणार? तालुक्याला पहिल्याच फेरीत बाद. आठवीत, नववीत आणि दहावीतही. शहरातल्या शाळेने सहा गोल चढवले, तेव्हा आपला गोलकीपर रडला होता (नाव लिहीत नाही, तो मेळाव्याला येणार आहे). तरी दर वर्षी जूनमध्ये क्रीडाशिक्षक सर प्रवेशअर्जावर आपली अकरा नावे भरायचे. स्टाफरूममध्ये त्यावरून सरांची थट्टा व्हायची, हे आपल्याला फार उशिरा कळले. प्रवेश फी कित्येकदा त्यांच्याच खिशातून गेली.

जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. बातमी वाचून मी आधी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, तो मुंबईवाला ना? सात वर्षं टिकवला होता त्यानं संघ." ऐजॉलचे विजेतेपद त्यांना मलाच सांगावे लागले.