खुरांची जनावरे आणि खानदेशची माती

खानदेशचा इतिहास म्हटला की फारुकी सुलतान, पेंढाऱ्यांच्या धाडी, भिल्लांचे उठाव आणि कापसाच्या पेठा आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु या भूमीवर माणसाच्याही आधीपासून नांदणारी एक प्रजा आहे. काळवीट, चिंकारा, रोही, सांबर ही ती खुरांची रानजनावरे होत. त्यांची हकीकत बखरीत नाही. ती त्यांच्या अंगकाठीत आणि सवयींत शोधावी लागते.

प्रथम एक भेद ध्यानात घेऊ. आपण सरसकट ज्यांना हरणे म्हणतो, त्यांची कुळे दोन. चितळ आणि सांबर यांची शिंगे भरीव हाडाची, फांद्या फुटलेली; ती गळून पडतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही यांची शिंगे गाईबैलांसारखी, हाडावर टोपण बसवावे तशी. ती जन्मभर टिकतात.

आता काळवीट पाहा. नर वयात आला की त्याची पाठ काळी होते, पोट पांढरेच राहते आणि डोक्यावर पिळाची लांब शिंगे शोभतात. मादी पिवळसर, बहुधा बिनशिंगांची. त्याची सारी भिस्त नजरेवर आणि वेगावर. संकट दिसताच कळप उंच उड्या घेतो आणि मग ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वेगाने दूर निघून जातो. अशा जनावराला दाट झाडी काय कामाची? त्याला आखूड गवताचा मोकळा माळच हवा. चिंकाऱ्याचे पाल्यातल्या ओलाव्यावर पुष्कळ दिवस भागते, म्हणून तो कोरड्या टेकड्यांत तग धरतो. रोही, म्हणजेच नीलगाय, या दोहोंहून निराळा. अंगाने घोड्याएवढा, नर राखी-निळा, मादी तपकिरी; नराची शिंगे वीतभरच. गवत आणि पाला दोन्ही खाऊन तो झुडपांच्या आडोशाने राहतो.

1818 साली इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा धाडींनी आणि दुष्काळाने गावे ओस पडली होती आणि पुष्कळ जमिनीवर रान माजले होते. पुढे गावे वसली, नांगर फिरू लागला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या बाजारात भाव भडकले. त्याच दशकात आगगाडी जळगाव-भुसावळपर्यंत आली. खानदेशच्या काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. 1880 साली छापलेल्या खानदेश गॅझेटियरात या जनावरांची नोंद आहे. पण त्यांचा माळ तेव्हाच शेताखाली चालला होता.

ज्या अमेरिकेच्या युद्धाने आपल्याकडे कापूस वाढविला, तिथेही तेव्हा हेच चालले होते. तिकडच्या गवताळ मैदानांत बायसन नावाचे गव्यासारखे, मोठ्या वशिंडाचे जनावर कोट्यवधींच्या संख्येने चरत असे. आगगाडी आली, कातड्यांचा व्यापार आला, आणि 1890 च्या आत त्यांतले हजाराच्या आसपासच उरले. त्याच मैदानातला प्राँगहॉर्न हा आपल्या काळविटाचा जणू प्रतिस्पर्धी. त्याची शिंगे मोठी चमत्कारिक: आतले हाड कायम, वरचे दुफाटी टोपण मात्र दरसाल गळते. धावण्यात तो काळविटालाही मागे टाकील. पण उडी मारून कुंपण ओलांडण्याची त्याला सवय नाही. तो तारेखालून सरपटत जातो, आणि तार खालपर्यंत असली की तिथेच अडतो. हजारो वर्षे मोकळ्या मैदानावर ज्या वेगाने त्याला राखले, तो वेग कुंपणापुढे व्यर्थ ठरला.

आपल्याकडे काळविटाचे तेच झाले. त्याच्या मागे धावणारा चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे 1952 साली जाहीर झाले. पण तोवर काळविटाचा माळच आटत चालला होता, आणि नांगरापासून पळून जावयाचे कोठे? सांबराला सातपुड्याच्या झाडीने आसरा दिला. रोही मात्र झुडपातून शेतात शिरला आणि टिकला.

म्हणूनच आज शेतकरी त्याच्यावर रागावलेला आहे. रात्रभर मचाणावर जागून सकाळी तुडवलेला हरभरा पाहणाऱ्या माणसाला दयेचा उपदेश करणे सोपे आहे, न्यायाचे नाही. त्याला नुकसानभरपाई वेळेवर आणि पुरती मिळाली पाहिजे. पण रोही चोर म्हणून जन्मला नाही. त्याचे कुरण आपण घेतले, तेव्हा तो आपल्या बांधावर आला, हेही विसरता येत नाही.

यावलचे अभयारण्य 1969 साली झाले. अनेर आणि गौताळा-औट्रमघाट ही दोन्ही 1986 साली. 1972 च्या कायद्याने काळवीट-चिंकाऱ्याच्या शिकारीला बंदी आहे. परंतु अभयारण्ये बहुतेक डोंगराची आणि झाडीची. माळ राखण्याचा विचार आपण फारच थोडा केला. माळाला आपण पडीक म्हणतो, आणि पडीक म्हटले की त्याचा वाली कोणी राहत नाही. गावोगावची गायराने आणि कुरणे अजून काही शिल्लक आहेत. ती मोडू दिली नाहीत, तर गाईगुरांना चारा राहील, चिंकाऱ्याला जागा राहील आणि शेताच्या बांधावरचा रोहीचा भारही थोडा हलका होईल. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल, तेव्हा आपण तिथे असावे, एवढेच माझे मागणे आहे.