व्यायामोपचाराचे दोन प्रवाह आणि अर्धांगाचा रोगी : आष्टी परिसराच्या निमित्ताने

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील आष्टी ह्या गावाचे नाव इतिहासात आले ते 16 ऑगस्ट 1942 रोजी तेथे झालेल्या उठावामुळे व हुतात्म्यांमुळे. प्रस्तुत लेखात ह्या गावाचा विचार अगदी निराळ्या कारणाने केला आहे. आष्टीच्या एका अंगास, वर्धा नदीपलीकडे, अमरावती आहे. दुसऱ्या अंगास आर्वीवरून खाली उतरले की वर्धा आणि सेवाग्राम. शरीराच्या हालचालीचा विचार विसाव्या शतकात विदर्भात ज्या दोन प्रवाहांनी वाढला, त्यांची ठाणी ह्याच दोन दिशांना आहेत. असे असता, ज्याला व्यायामाची गरज सर्वांत अधिक त्या अर्धांगवायूच्या रोग्यापर्यंत त्यांपैकी एकही प्रवाह दीर्घकाळ का पोहोचला नाही, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न होय.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत व्यायामाची थोरवी पुष्कळ आहे. पण तो मुख्यतः निरोगी माणसाचा दिनक्रम म्हणून. आपल्या बळाच्या अर्ध्याइतकाच व्यायाम करावा, ही अर्धशक्तीची मर्यादाही तेथे सांगितली आहे. पक्षाघातासाठी मात्र चरकाने स्नेहन, स्वेदन आणि विरेचन ह्यांची योजना केली. म्हणजे रोग्याचे अंग हलवायचे ते दुसऱ्याच्या हातांनी. पुढे घरोघरी हीच पद्धत रूढ झाली : तेल, शेक, आणि पत्नीच्या किंवा सुनेच्या हातचे मालीश. ह्या परकृत हालचालीला मोल नाही असे कोणी म्हणू नये. सांधे आखडू न देणे, हेही मोठे काम आहे. परंतु मेंदूतील बिघाडामुळे जी क्रिया हरपली ती पुन्हा शिकायची तर रोग्याने स्वतः प्रयत्न करावा लागतो. पेला उचलण्याचा फसलेला प्रयत्नही शंभरदा करावा लागतो. परकृत आणि स्वकृत हालचालींतील हा भेद आपल्या घरगुती उपचारात नीट उमटलाच नाही.

पहिला प्रवाह आखाड्याचा. अमरावतीचे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. 1936 साली त्याच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्यास राजरत्न माणिकराव मल्लविद्येबरोबर हाड बसविण्याची विद्याही जाणत. तेथूनच 1936 ते 1949 ह्या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. माणिकरावांचे शिष्य स्वामी कुवलयानंद ह्यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना करून यौगिक क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने परीक्षा आरंभिली, आणि 1963 साली विनेकरांसह योगोपचारावर ग्रंथ लिहिला. येथे स्वीडनचे स्मरण होते. लिंग ह्यांनी 1813 साली स्टॉकहोम येथे जी व्यायामसंस्था काढली तिच्या अभ्यासक्रमात सैनिकी व शालेय व्यायामाच्या जोडीला वैद्यकीय व्यायाम ही स्वतंत्र शाखा होती, आणि युरोपातील फिजिओथेरपीचे एक मूळ तीच. आपल्या आखाड्यात वस्तादापाशी असलेले सांध्याचे व स्नायूंचे ज्ञान मात्र अशी शाखा बनून रुग्णालयात गेले नाही. माझ्या मते ह्याचे कारण आखाड्याच्या हेतूत आहे. पारतंत्र्यात त्याला बलवान तरुण हवा होता. खाटेवरचा साठ वर्षांचा शेतकरी त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येण्याचे कारण नव्हते.

दुसरा प्रवाह कुष्ठसेवेचा, आणि तो अधिक लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. वर्ध्यानजीक दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण ह्यांनी 1936 साली कुष्ठधाम उभारले. सेवाग्रामात परचुरेशास्त्रींचे अंग गांधीजी स्वतः चोळून देत. अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन 1946 चे. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान 1951 चे, आणि त्याचे मुख्य ठाणे वर्ध्यासच. कुष्ठरोगात मज्जातंतू निकामी झाले की बोटे आत वळतात, पाऊल लोंबते. वेल्लोरला पॉल ब्रँड ह्यांनी 1948 च्या सुमारास सुस्थितीतील स्नायूची कंडरा निकामी स्नायूच्या जागी जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. पण कंडरा जोडल्याने हात चालू लागत नाही. जो स्नायू आजवर एक काम करीत होता त्याला दुसरे काम शिकवावे लागते, आणि ते शिक्षण व्यायामानेच होते. अर्धांगाच्या रोग्याला हवे असलेले पुनःशिक्षण तत्त्वतः ह्याच जातीचे. मुंबईत हीच विद्या पोलिओग्रस्त मुलांच्या निमित्ताने वाढली. हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 ची. म्हणजे आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती बालकांसाठी आणि समाजाने बाहेर काढलेल्यांसाठी. त्यांना संस्थेत राहावे लागे, म्हणून शिकविणारा त्यांच्यापर्यंत पोहोचला. अर्धांगाच्या रोग्याला कोणी घराबाहेर काढले नाही, आणि हीच गोष्ट त्याला बाधली! सेवेची उणीव नव्हती. उणीव होती ती शिकविणाराची.

सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 साली सुरू झाले. पुढे सावंगी (मेघे) येथे फिजिओथेरपीचे महाविद्यालयही निघाले. तरी रुग्णालयातून घरी परतलेल्या आष्टीच्या रोग्याला नित्य व्यायामासाठी वर्धा गाठणे सोपे नाही. मग घरच्यांनाच हे शिकविले तर? हा प्रश्न भारतातील 14 केंद्रांत 1,250 रोग्यांवर तपासला गेला, आणि त्याचा निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे 47 टक्के, निघाले. त्याआधी, 2015 साली, आघातानंतर चोवीस तासांच्या आत वारंवार व जोमाने उठविण्याने अपाय संभवतो, असेही एका आंतरराष्ट्रीय परीक्षणात दिसले होते. येथे अर्धशक्तीचा नियम आठवेल. पण त्यावरून प्राचीनांना सर्व ठाऊक होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल.

2017 च्या निष्कर्षावरून कुटुंबाचा हात निरुपयोगी ठरविणे घाईचे होईल. थोडे दिवस शिकवून सारा भार घरावर सोपविणे पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ मला दिसतो. ह्या भाराचा इतिहास संस्थांच्या अहवालांत सापडणार नाही. आष्टी, आर्वी, तळेगाव ह्या भागांतील ज्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे सासऱ्याचा वा नवऱ्याचा लुळा हात चोळला, त्यांच्याकडून कोणते तेल, किती वेळ, कोणी दाखविले आणि रोगी प्रथम आपणहून केव्हा उभा राहिला, हे विद्यार्थ्यांनी जाऊन लिहून घ्यावयास हवे. त्यांतील पुष्कळ स्त्रिया आता सत्तरी ओलांडलेल्या असतील.