अलिखित नाट्य आणि यंत्राचे लेखन

कृत्रिम बुद्धिमत्तेला दूरचित्रवाणी मालिकेचा भाग खरोखर लिहिता व निर्माण करता येईल काय, हा प्रश्न आज विचारला जातो, तेव्हा लेखन म्हणजे प्रयोगाआधी कागदावर उतरलेली संहिता, असे गृहीत धरलेले असते. मराठी रंगभूमीचा इतिहास या गृहीताला पुष्टी देत नाही. आंबोली ज्या सावंतवाडी तालुक्यात मोडते तो तालुका आणि घाटाखालचे कुडाळ, वेंगुर्ले, मालवण हे तालुके मिळून जो मुलूख होतो, तेथे संहितेवाचून रात्रभर उभे राहणारे नाट्य आजही जिवंत आहे. ते म्हणजे दशावतार.

पावसाळा सरून ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू झाल्या की दशावताराचे प्रयोग होऊ लागतात. त्याचा पूर्वरंग, म्हणजे आडदशावतार, बराचसा ठरीव असतो. गणपती, सरस्वती, संकासुर ही पात्रे परंपरेने नेमलेल्या क्रमाने येतात. त्यानंतरच्या आख्यानात मात्र पुराणातील कथानक आणि भूमिकांची वाटणी एवढेच आधी ठरते. संवाद नट रंगभूमीवर, त्या त्या क्षणी रचतो. देव व राजे प्रमाण मराठीत बोलतात, तर संकासुर मालवणीत. म्हणजे कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी याचे नियम पक्के आहेत, वाक्ये मात्र मोकळी आहेत.

हा केवळ कोकणचा विशेष नव्हे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हाही पदे रचलेली होती व ती सूत्रधार म्हणत असे. गद्य भाषणे नट स्वतःच्या बुद्धीने करीत. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ साली लिहिले गेले. अशा लिखित नाटकांना पुढे ‘बुकिश’ हे नाव पडले. त्या नावातच लिखित संवादाचे नवेपण नोंदले गेले आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे दैनंदिन मालिकांच्या काळात कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेयेही निरनिराळी दिली जाऊ लागली. याच मुलखातील आकेरी येथे चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली व तिने मालवणी वळणाची बोली घरोघरी नेली. सारांश, ‘लेखक’ ही एकसंध व्यक्ती आपल्या परंपरेत क्वचितच होती.

यंत्राचा इतिहासही वाटतो तितका अलीकडचा नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत टीएक्स-० या संगणकाने शेरीफ व दरोडेखोर यांच्या छोट्या नाटुकल्या रचल्या, आणि त्या १९६० साली सीबीएस वाहिनीवर नटांनी करून दाखविल्या. २०२३ साली ‘साउथ पार्क’ या मालिकेच्या एका भागाच्या लेखनश्रेयात चॅटजीपीटीचे नाव आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘महाभारत : एक धर्मयुद्ध’ ही मालिका आपल्याकडे प्रदर्शित झाली, तिची दृश्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्माण केलेली आहेत. निर्मिती शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बऱ्याच अंशी मिळालेले आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. दशावतारी नटही ऐकलेल्या आख्यानांतून, रुळलेल्या वाक्प्रयोगांतून आणि इतरांच्या भाषणांतूनच आपले संवाद घडवितो. मग संचित सामग्रीतून वाक्ये जुळविणाऱ्या यंत्राला निराळा न्याय का? हा आक्षेप वजनदार आहे. सामग्री उसनी असणे हा भेद होऊच शकत नाही. भेद आहे तो उत्तरदायित्वाचा. समोरच्या पात्राने अनपेक्षित प्रश्न केला तर नटाला तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते; ते फसले तर गावासमोर त्याचीच फजिती होते, आणि साधले तर नावही त्याचेच होते. अमेरिकेतील पटकथालेखकांचा २०२३ मधील १४८ दिवसांचा संप मिटला, तेव्हा झालेल्या करारानेही यंत्राला लेखक मानण्याचे नाकारले. तेथेही वाद वाक्याच्या सफाईचा नव्हता. श्रेय आणि मोबदला कोणाचा, याचा होता.

आपला कायदा या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती होय. उलट नाट्यकृतीच्या व्याख्येत तिचे रूप लेखनाने वा अन्य प्रकारे स्थिर झालेले असावे, ही अपेक्षा आहे. नटाला प्रयोगकर्ता म्हणून हक्क आहेत हे खरे. परंतु रात्री बोलून सकाळी विरून गेलेल्या संवादाचा कर्ता म्हणून त्याला उभे राहणे कठीण. यंत्राला बोलके करणाऱ्यास कर्तेपण सहज मिळावे आणि स्वतः बोलणाऱ्यास ते मिळू नये, अशी ही विचित्र स्थिती आहे.

भाषाभ्यासाच्या दृष्टीने तिचा परिणाम दूरगामी आहे. मालवणीत लिखित मजकूर थोडा, म्हणून यंत्राला तिचे शिक्षण मिळायचे ते मुख्यतः ध्वनिमुद्रणांतून. उद्या एखाद्या यंत्ररचित मालिकेत संकासुर अस्सल मालवणी बोलू लागला, तर ती बोली कोणा तरी नटाच्या तोंडची असेल, आणि त्याचे नाव कोठेही नसेल. म्हणून दशावतारी आख्यानांचे ध्वनिमुद्रण व लिप्यंतर नटांच्या संमतीने व्हावे, आणि प्रत्येक भाषणापुढे ते करणाऱ्याचे नाव, गाव व प्रयोगाची तारीख नोंदविली जावी. यंत्राचे लेखन खरे की खोटे, याची चिकित्सा करावयाची तर मूळ बोलणारा कोण हे आधी ठाऊक असले पाहिजे. हे काम जत्रांच्या हंगामातच, आणि आजचे नट हयात असतानाच, करता येण्यासारखे आहे.