चटक्यापासून सुरुवात

चिंचोका किंवा सागरगोटा फरशीवर खसाखसा घासायचा आणि शेजारच्याच्या दंडाला टेकवायचा, हा खेळ आपल्याकडे कितीतरी पिढ्या खेळल्या आहेत. चटका बसलेलं पोर ओरडतं, देणारं पळ काढतं. हाताने केलेल्या कष्टाची उष्णता झाली, हे दोघांनाही कातडीने कळलेलं असतं. लहान मुलांना प्रयोगांतून ऊर्जा शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांचं आणि पालकांचं स्वागत मला या चटक्यानेच करावंसं वाटतं.

पहिली अडचण येते ती शब्दाची. १९६६ साली अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षकांपुढे बोलताना भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पहिलीच्या एका पुस्तकावर बोट ठेवलं होतं. चावीचं कुत्रं, खरंखुरं कुत्रं, मोटारसायकल अशी चित्रं, आणि प्रत्येकाखाली प्रश्न : हे कशाने चालतं? पुस्तकाला हवं असलेलं उत्तर एकच, ऊर्जेने. फाइनमन यांचं म्हणणं, यातून मुलाला निव्वळ एक शब्द मिळतो. त्यापेक्षा खेळणं उघडून आतली स्प्रिंग दाखवा. मराठीत तर पंचाईत आणखी मोठी. बोलताना बळ, शक्ती, ऊर्जा आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो, आणि पाठ्यपुस्तकात बल वेगळं, शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी. म्हणून माझा आग्रह आहे, आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे 'ऊर्जा' हा शब्द सगळ्यात शेवटी यावा.

आधी हाताला कळू द्या. डायनामोची जुनी सायकल मिळाली तर ती स्टँडवर लावा, डायनामो चाकाला टेकवा, पण दिव्याची वायर काढून ठेवा. मुलाला डोळे मिटून हाताने पायडल फिरवू द्या. मग गुपचूप वायर जोडा. 'जड झालं!' हे त्याच्या तोंडून येतं, तेव्हा दिवा फुकट पेटत नाही हे त्याला कळलेलं असतं. फळ्यावर कितीही लिहिलं तरी हे साधत नाही.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने ते खेड्यापाड्यांतल्या शाळांत दाखवून दिलं. अरविंद गुप्तांची टाकाऊतून घडलेली खेळणी तर पुण्याच्या मुलांच्या हातात वर्षानुवर्षं खेळली आहेत.

मुलं जरा मोठी झाली की मोजमाप आणा. शंभर ग्रॅम साखरेची पुडी जमिनीवरून एक मीटर उचलली, की साधारण एक जूल खर्ची पडतो. मुलांना पुडी दहादा उचलू द्या, मोजू द्या. मग सांगा, हिच्यातल्या एका ग्रॅम साखरेत सुमारे १६,००० जूल असतात. वर्गात गलका होतो. एवढं त्या चिमटीत आलं कुठून, असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा उत्तर देऊ नका. त्यांना घेऊन जवळच्या उसाच्या फडाशी, भर उन्हात जाऊन उभे राहा.