सोनतळीचा शोक

१९१७ साली डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांचा शोक आणि विषण्णता यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा केला आणि धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांचा विवाह बालवयातील इंदुमतीदेवींशी लावून दिला. पुढच्याच वर्षी, जून १९१८ मध्ये, रानडुकराच्या शिकारीत राजपुत्राला अपघाती मृत्यू आला.

व्हिएन्नाचा तो निबंध महाराजांनी वाचला होता, असे कोणी म्हणणार नाही. तरीही सोनतळीची हकीकत त्याच्या उजेडात पाहण्यासारखी आहे. फ्रॉइड म्हणतात, शोकात जग रिते होते. विषण्णतेत माणूस स्वतःच रिता होतो. शोकाकुल माणूस एकेका आठवणीपाशी थांबून गेलेल्याचा निरोप घेतो. हे काम सावकाशीचे आणि वेदनेचे. विषण्ण माणसाचा निरोप मात्र अडून राहतो. गेलेल्यावरचा राग तो स्वतःवर उलटवतो आणि स्वतःलाच अपराधी ठरवतो.

आपल्याकडे विधवेला हा आरोप स्वतःवर करावाच लागत नसे. तो समाज करी. ‘पांढऱ्या पायाची’ हा एकच शब्द पुरे होई. अंधारी खोली, शुभकार्यातून वगळणे, ओशाळलेली मान! रोग्याच्या मनात फ्रॉइडना जे आढळले, ते येथे रूढीने बाहेरून लादले होते, असे मला वाटते.

महाराज पुत्रशोकाने खचले होते. तरी घरातला विरोध न जुमानता त्यांनी सुनेला कोल्हापूरजवळच्या सोनतळीस ठेवले, शिक्षक नेमले, सोबतीला निरनिराळ्या जातींच्या मुली दिल्या. त्या पोरीला रडण्याची मुभा होती, अपराधी होण्याची सक्ती नव्हती.

दुःखाला काम दिले म्हणून ते संपते असे नाही. फ्रॉइड यांची कन्या सोफी १९२० साली इन्फ्लुएंझाने वारली. नऊ वर्षांनी एका पुत्रवियोगी मित्राला त्यांनी कळविले, की ही पोकळी कधीच पुरती भरत नाही, आणि ते तसेच असावे. आपल्याच सिद्धांताला त्यांनी घातलेली ही मुरड मला फार मोलाची वाटते.

महाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले. इंदुमतीदेवींनी पुनर्विवाह केला नाही. कायदा कर्त्याच्याच घरी पोचला नाही, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खोडता येणार नाही. महाराजांच्या पश्चात त्या मॅट्रिक झाल्या आणि कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे काम करीत १९७१ पर्यंत जगल्या.