दिनविशेष : ५ एप्रिल
५ एप्रिल १९२२ : पंडिता रमाबाईंचे निधन

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे निराधार स्त्रियांसाठी स्वतःच उभारलेल्या ‘मुक्ती’ सदनात पंडिता रमाबाईंनी वयाच्या ६३व्या वर्षी अखेरचा श्वास घेतला. एकुलती एक मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती.

ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरून रमाबाईंवर टीकेची झोड उठली. त्यांनी उत्तर दिले ते कामातून. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुली केडगावला आणल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातमधूनही आणल्या. नुसते दोन वेळचे जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. मुली शेती आणि विणकाम शिकल्या, अंध मुलींची बोटे ब्रेलवर फिरू लागली. रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद सदनाच्याच छापखान्यात छापला गेला. खिळे जुळवणारे हात तिथल्या मुलीबायकांचे होते.

श्रद्धा प्रवचनात किती आणि पंगतीत किती, हे मोजायचे तर केडगावकडे पाहावे. हाती कसब आले की आश्रित माणूस मिंधा राहत नाही, हे रमाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवले. निराधारांसाठी झटणाऱ्या प्रत्येक संस्थेने, ती कोणत्याही धर्माची असो, हा धडा गिरवावा. केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे.